भाव उतरले, वजन परत आले नाही

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी ऑक्टोबर महिन्याच्या किरकोळ महागाईचे आकडे जाहीर झाले. दर होता ०.२५ टक्के. २०१२ हे आधारवर्ष, म्हणजे तुलनेचे मूळ वर्ष, धरून तेव्हा चालणाऱ्या मालिकेत इतका कमी दर त्याआधी कधीच नोंदला गेला नव्हता. खाद्यपदार्थांचे भाव तर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी खाली आले होते. त्या संध्याकाळी मी पुण्यातल्या धायरीत आमच्या घरी दिवाळीचा जमाखर्च पुरा करत बसले होते, आणि बातमी ऐकून नवऱ्याने विचारले, "मग आपल्याकडे या महिन्यात काही उरलं का?" काही उरले नव्हते. उलट मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बोनसमधून जी रक्कम बाजूला ठेवायची ठरली होती, त्यातलेच नऊ हजार रुपये खर्ची पडले होते.

त्याने प्रश्न सहज विचारला होता. पण मी एका शाळेच्या कार्यालयात हिशेब पाहते, आणि दोन आकडे एकमेकांशी जुळत नसले की मला चैन पडत नाही. म्हणून त्यानंतरचे चार-पाच रविवार मी घरातल्या जुन्या वह्या काढून बसले. त्यांतून जे हाती लागले ते इथे लिहीत आहे, कारण ते केवळ आमच्या घरापुरते असेल असे मला वाटत नाही.

आकड्यापुरते उत्तर सोपे आहे. महागाईचा दर शून्याजवळ आला म्हणजे भाव जुन्या जागी गेले असे होत नाही. त्यांचे वाढणे थांबले, एवढाच त्याचा अर्थ. शंभर रुपयांची वस्तू पाच वर्षे दरवर्षी सहा टक्क्यांनी महागली तर ती १३४ रुपयांना पडते, आणि सहाव्या वर्षी दर शून्य झाला तरी ती १३४ रुपयांनाच घ्यावी लागते. एप्रिल २०२२मध्ये महागाईचा दर ७.७९ टक्के होता, जुलै २०२३मध्ये ७.४४ आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ६.२१. ते चढ आपण चढून आलेलो आहोत, आणि वर पोहोचल्यावर सपाटी लागली म्हणून कोणी पायथ्याशी परत जात नाही. एवढे मला आधीही ठाऊक होते. वह्यांनी दाखवले ते मात्र मला ठाऊक नव्हते.

आमच्या घरची हिशेबाची वही सासूबाईंची आहे. १९८४ साली लग्न होऊन त्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आल्या, तेव्हापासून एकही महिना वहीशिवाय गेलेला नाही. सासरे पिंपरीतल्या एका कारखान्यात नोकरीला होते, आणि पगाराच्या दिवशी पाकिटे वेगळी करून वहीत नव्या महिन्याचे पान मांडायचे, हा घरातला जवळजवळ देवपूजेसारखा नेम होता. त्यांचा आणखी एक नियम होता: नुसती रक्कम लिहायची नाही, भाव आणि वजनही लिहायचे. "तूरडाळ ३ किलो, दर ९४, रुपये २८२", अशी नोंद. वही माझ्याकडे आली तेव्हा मला हा उगाचच वाढवलेला व्याप वाटे, आणि मोबाइलवरून पैसे देणे सुरू झाल्यावर तर रक्कम आपोआप नोंदली जात असताना वजन कशाला लिहायचे, असा वादही मी घातला होता. त्यांनी तो मानला नाही, आणि आज मला त्यांचे फार आभार मानावेसे वाटतात.

नोव्हेंबर २०१९ आणि नोव्हेंबर २०२५ ही दोन पाने मी शेजारी शेजारी ठेवली. पहिली नोंद दुधाची होती. २०१९मध्ये महिन्याला २,०७० रुपये आणि २०२५मध्ये १,७४० रुपये. म्हणजे दुधाचा खर्च कमी झाला. गाईच्या दुधाचा दर तेव्हा लिटरला ४६ रुपये होता आणि आता ५८ आहे. १५ मार्च २०२५पासून लिटरमागे दोन रुपयांची वाढ झाली ती धरून. दर बारा रुपयांनी वाढूनही खर्च कमी झाला, कारण तेव्हा रोज दीड लिटर दूध येत होते आणि आता एक लिटर येते. रक्कमच तेवढी लिहिली असती तर या घराने दुधात काटकसर साधली, असा निष्कर्ष निघाला असता. वजन लिहिलेले असल्यामुळे कळले, की वाढत्या वयाच्या मुलाच्या घरात रोजचे अर्धा लिटर दूध गेले, आणि ते नेमके कोणत्या महिन्यात व कोणी ठरवून बंद केले हे आम्हा तिघांपैकी एकालाही आठवत नाही.

डाळीची नोंद मला त्याहून अधिक लागली. २०१९मध्ये तीन किलो तूरडाळ, दर ९४. २०२३च्या शेवटी दर १७८ झाला तेव्हा आम्ही दोन किलोवर आलो, आणि उरलेल्या वरणाची भर मुगावर आणि मसुरावर काढली. तेव्हा सगळ्यांच्याच घरी ते चालले होते. सरकारने जून २०२३पासून तुरीच्या साठ्यावर मर्यादा घातली होती, आयात खुली ठेवली होती. पुढे पीक बरे आले, आयात वाढली, आणि भाव उतरला. या नोव्हेंबरमध्ये माझ्या वहीत दर ११८ आहे. वजन मात्र दोन किलोच आहे. भाव १७८ झाला म्हणून जो एक किलो गेला, तो ११८ झाल्यावर परत यायला हवा होता. तो आलाच नाही. शेंगदाण्याच्या तेलाचे तसेच. युक्रेनमधील युद्धानंतर २०२२मध्ये तेले भडकली तेव्हा आम्ही अर्धे शेंगदाण्याचे आणि अर्धे सोयाबीनचे असे करून घेतले. ते अजून तसेच चालू आहे. फळांच्या रकान्यात पूर्वी आठवड्याला दोन किलो फळे आणि डझनभर केळी असत. आता केळी आहेत.

ही माघार कशामुळे कायम झाली, हे समजायला मला पानाच्या वरच्या भागाकडे पाहावे लागले. तिथे आम्ही जे खर्च आधी काढून ठेवतो ते असतात: भाडे, शाळा, क्लास, प्रवास, विमा, औषधे, वीज, फोन. नोव्हेंबर २०१९मध्ये आम्हा दोघांचे हातात येणारे पगार मिळून ४६,००० रुपये होते आणि या ठरलेल्या खर्चांची बेरीज २३,४०० होती. नोव्हेंबर २०२५मध्ये पगार ६८,००० आणि ठरलेले खर्च ४१,९००. म्हणजे पूर्वी मिळकतीतले निम्मे आधीच जात होते, आता शंभरातले जवळपास बासष्ट रुपये जातात. खाणे, कपडे, सण, पाहुणे, आजारपण आणि शिल्लक या सगळ्यांसाठी तेव्हा २२,६०० उरत होते, आता २६,१०० उरतात. सहा वर्षांत साडेतीन हजारांची भर. डाळीचा भाव खाली आला तेव्हा वाचलेले पैसे डाळीकडे परत जाणारच नव्हते, कारण तोवर भाड्याने आणि क्लासने ती जागा घेतलेली होती.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली मांडलेला एक नियम आम्हाला महाविद्यालयात शिकवला होता: मिळकत वाढत जाते तसा एकूण खर्चातला अन्नाचा वाटा घटत जातो. देशाच्या घरगुती खर्चाच्या पाहणीतही ते दिसते. शहरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा २०११-१२मध्ये ४२.६२ टक्के होता, तो २०२२-२३मध्ये ३९.१७ टक्क्यांवर आला. हे पुष्कळ घरांच्या बाबतीत खऱ्या सुबत्तेचे लक्षण असेल, आणि ते मी नाकारत नाही. पण आमच्या वहीतही अन्नाचा वाटा घटला आहे, आणि तो पोट भरल्यामुळे घटलेला नाही. बाकीच्या खर्चांनी त्याला बाजूला सारले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन गोष्टी एकाच टक्केवारीत दिसतात, आणि तिथेच माझ्या मते गफलत होते.

भाड्याचे थोडे सविस्तर सांगते, कारण सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. २०१९मध्ये आमच्या दोन बेडरूमच्या घराचे भाडे १३,५०० होते. करोनाच्या काळात घरमालकांनी एक पैसाही वाढवला नाही, आणि दोन महिन्यांचे भाडे उशिरा घेतले. हे मी कधी विसरणार नाही. नंतर कार्यालये उघडली, बाहेरगावचे विद्यार्थी पुण्यात परतले, आणि २०२३च्या करारात भाडे एकदम १८,००० झाले. घरमालक माणूस सरळ आहे. त्यांनी समोर बसून सांगितले, की घरावर कर्ज आहे आणि हप्ता वाढला आहे. ते खरेच होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला, आणि त्यांच्या हप्त्यात झालेली वाढ आमच्या भाड्यात आली. पुढे फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात तोच दर ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आला. भाडे तोवर २१,००० झाले होते, आणि ते काही खाली आले नाही. दर खाली आल्याचा परिणाम आमच्या घरात दिसला तो एवढाच, की सासूबाईंच्या मुदत ठेवीचे नूतनीकरण कमी व्याजावर झाले. त्यांना सासऱ्यांच्या मागे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून १,३५० रुपये निवृत्तिवेतन मिळते. ते महागाई भत्त्याशी जोडलेले नसल्यामुळे जेवढे ठरले तेवढेच राहते, आणि त्या योजनेतील किमान रक्कमही २०१४पासून १,००० रुपयेच आहे. त्यामुळे ठेवीचे व्याज हाच त्यांच्या हातातला पैसा, आणि तो या वर्षी आटला.

भाड्याशिवाय पाणी आहे. धायरी २०१७ साली महापालिकेत आली. खडकवासल्याचे धरण इथून दिसावे इतके जवळ, तरी उन्हाळ्यात सोसायटीला टँकर मागवावे लागतात आणि त्यांचा खर्च देखभालीच्या रकमेत वाटून येतो. जानेवारी २०२५मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, तेव्हा महिनाभर आम्ही पिण्यासाठी वीस लिटरचे जार घेतले, नळाचे पाणी उकळून वापरले, आणि सिलिंडर आठवडाभर आधी संपला. घरात पासष्टी ओलांडलेले माणूस आणि शाळेत जाणारे मूल असताना तिथे काटकसरीचा विचार करायचा नसतो. त्या महिन्याच्या पानावर फळांचा रकाना पूर्ण कोरा आहे.

शाळेच्या फीविषयी फार लिहीत नाही. राज्यात दोन वर्षांत पंधरा टक्क्यांपर्यंतच वाढ करता येते असे धरले जाते, आणि आमच्या शाळेने ती मर्यादा कधी ओलांडलेली नाही. पण पंधरा टक्के ही मर्यादा असली तरी पुष्कळ ठिकाणी तिचा वहिवाटीसारखा वापर होतो, आणि पालकांचे पगार दोन वर्षांत पंधरा टक्क्यांनी वाढतीलच असे कोणताही कायदा सांगत नाही. माझ्या जाऊबाई शासकीय सेवेत आहेत. त्यांना निर्देशांकानुसार महागाई भत्ता मिळतो आणि वर्षातून दोनदा त्याचा आढावा होतो. माझा नवरा भोसरीत सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आहे. त्याला एप्रिलमध्ये एक पत्र मिळते. यंदाच्या पत्रात पाच टक्के होते. जाऊबाईंचा भत्ता कमी व्हावा असे माझ्या मनातही येत नाही. तो सगळ्यांनाच मिळावा असे वाटते.

आता औषधांबद्दल लिहायचे आहे, आणि ते लिहिणे मला जड जाते आहे.

२०२४च्या दिवाळीनंतर सासूबाईंना जिन्यात चक्कर आली. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब १८०च्या वर होता. डॉक्टरांनी विचारले, "आजी, गोळ्या रोज घेता ना?" त्या म्हणाल्या, घेते. घरी आल्यावर माझ्या मनात शंका आली म्हणून मी वही काढली. जूनपर्यंत तीस गोळ्यांचे पाकीट दर महिन्याला आणलेले होते. जूननंतर तेच पाकीट आठ-आठ आठवड्यांनी येत होते. ऑगस्टच्या पानाखाली तर मी स्वतःच्या अक्षरात समाधानाने लिहिले होते, "औषधे: खर्च कमी". मी त्यांच्यापाशी जाऊन बसले आणि विचारले, "आई, तुम्ही गोळी एक दिवसाआड घेत होतात का?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याचा क्लास लागला होता ना गं जूनमध्ये. मला काही होत नव्हतं. एक दिवसाआड चालतं असं वाटलं."

घरात कोणी त्यांना औषधाच्या पैशांवरून कधी एक शब्दही बोललेले नव्हते. पण चाळीस वर्षे वही लिहिलेल्या बाईला पानाच्या तळाशी काय उरते हे कोणी सांगावे लागत नाही. अनुसूचित, म्हणजे ज्यांच्या किमतीवर सरकारची मर्यादा असते त्या औषधांच्या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकानुसार एप्रिल २०२२मध्ये १०.७६ टक्क्यांनी आणि एप्रिल २०२३मध्ये १२.१२ टक्क्यांनी वाढवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली होती. दोन्ही वाढी एकावर एक धरल्या तर सुमारे २४ टक्के होतात. त्या टक्क्यांचा अर्थ मला आमच्या घरातल्या त्या गोळ्यांच्या पाकिटावरून कळला. त्यानंतर डॉक्टरांना विचारून दोन औषधे जनऔषधी केंद्रातून आणायला सुरुवात केली, सात खणांची डबी आणली, आणि मुलगा रोज सकाळी शाळेला जाताना आजीच्या हातावर गोळी ठेवून मगच बाहेर पडतो. रक्तदाब आता आटोक्यात आहे.

त्या वेळी मी ही गोष्ट त्यांच्या स्वभावावर घातली होती. या वर्षी वह्या शेजारी ठेवल्यावर दिसले, की दूध, डाळ, तेल, फळे आणि ती गोळी ही सगळी एकाच मार्गाने गेलेली आहेत. ठरलेल्या खर्चांना हात लावता येत नाही, कारण भाडे थकले तर घर जाते आणि फी थकली तर मुलाला वर्गात मान खाली घालावी लागते. मग ज्या गोष्टी कमी केल्याचा गवगवा होत नाही त्या कमी होतात, आणि त्या बहुधा शरीराच्या असतात. घरात हे सगळ्यात आधी बायका करतात. माझी थायरॉईडची तपासणी दीड वर्ष लांबली. कोणी लांबव म्हटले नाही, प्रत्येक महिन्यात दुसरे काहीतरी अधिक निकडीचे निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, आणि तो आकडा वाचताना मला पूर्वी आदिवासी पाडे डोळ्यांसमोर येत. आता आमच्या सोसायटीतल्या भिशीतल्या मैत्रिणी येतात.

मनावर होणारा परिणाम वहीत शोधायला गेले तर तोही सापडतो, फक्त आडवळणाने. २०१९च्या पानांवर महिन्यातून दोन-तीनदा "पाहुणे" असा शेरा आहे आणि त्यापुढे श्रीखंड, खारी, कधी आंबे. २०२५च्या अख्ख्या वर्षात तो शेरा चार वेळा आला. आम्ही माणूसघाणे झालेलो नाही. "जेवायलाच या" म्हणायच्या ऐवजी "चहाला या" म्हणू लागलो, आणि लोकही तसेच म्हणू लागले, आणि मग हळूहळू फोनवरच बोलणे होऊ लागले. मे महिन्यात नवऱ्याच्या मावसबहिणीच्या मुलाचे लग्न नाशिकला होते. जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते, त्यात चौघांचा प्रवास आणि आहेर, म्हणून तो एकटाच जाऊन आला. परत आला तेव्हा सगळ्यांनी विचारले म्हणून सांगत होता, आणि सासूबाई उठून आत गेल्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या घरचे कार्य होते.

नवऱ्याला रात्री झोप लागत नाही. तो बोलत नाही, पण महिन्याच्या वीस तारखेनंतर त्याचा आवाज चढतो, आणि मुलाने वहीसाठी किंवा पेनासाठी पैसे मागितले तरी आधी "कशाला?" असे येते. मुलगा आता पैसे मागताना माझ्याकडे येतो. मला याचे अतोनात वाईट वाटते, कारण हा माणूस मुळात उदार आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी दांडेकर पुलापाशी राहतात आणि बसने धायरीला येतात. धायरीत त्या चार घरे करतात. १ जून २०२५पासून पीएमपीएमएलचे, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचे, भाडे वाढले. शहराचा रोजचा पास ४० रुपयांवरून ७० झाला आणि महिन्याचा ९०० वरून १,५००. पुष्कळ वर्षांनी झालेली वाढ होती, सेवा तोट्यात आहे, हे सगळे मला मान्य आहे. पण त्यांना लाडकी बहीण योजनेचे महिन्याला जे १,५०० रुपये मिळतात, तेवढ्याच रकमेचा तो पास झाला. पूर्वी त्या पैशांतून त्या नातीसाठी अंडी आणि दूध नेत असत. हे त्यांनी मला जुलैमध्ये, कणीक मळता मळता सांगितले. वाढ मागितली नव्हती. मी त्याच महिन्यापासून दोनशे रुपये वाढवले आणि बाकीच्या तीन घरांशीही बोलले. दोघींनी वाढवले, एकीने मावशींना महिन्यातले पंधरा दिवसच यायला सांगितले. तिचाही मला राग आला नाही, कारण तिच्या घरचे पान माझ्या पानासारखेच असणार.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण महागाईवर बोलताना आम्ही शहरातली माणसे ती विसरतो. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि मे २०२४पर्यंत राहिली. त्या काळात आमच्या घरी कांदा परवडणारा होता. माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. भाऊ कांदा आणि टोमॅटो करतो. जुलै २०२३मध्ये टोमॅटो भडकला तेव्हा नारायणगावच्या बाजारात काहींना पैसे झाले, पण भावाचा माल तोवर संपला होता, आणि बंदीच्या काळात त्याचा कांदा चाळीत पडून राहिला. त्याच्या घरातही किराणा, फी आणि औषधे आमच्यासारखीच महाग झालेली आहेत. म्हणून भाजी दहा रुपयांनी महागली की मला पूर्वीसारखा संताप येत नाही. भाजीचे भाव वर जातात आणि खालीही येतात. सहा वर्षांच्या पानांवर वर जाऊन खाली न आलेले जे आकडे मी मोजले, त्यांत भाजी कुठेच नाही.

या सगळ्यानंतर आम्ही जे केले ते फार मोठे नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. वाचलेले पैसे फळांच्या रकान्यात घातले, आणि ते तिथेच राहतील याची जबाबदारी मुलाने घेतली आहे. थायरॉईडची तपासणी करून घेतली. वहीत या डिसेंबरपासून मी एक नवा रकाना आखला, "न घेतलेले" असा. त्यात प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचे असे ठरले. नवऱ्याने लिहिले आहे, "बुटांचे तळ". मुलाने "सहलीचे पैसे, ८५०", आणि खाली कंसात "जायचे नव्हतेच". सासूबाईंनी पहिले दोन आठवडे काहीच लिहिले नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी चष्मा लावून, अक्षर सावरत लिहिले, "चष्म्याचा नंबर". त्या सहा महिने जुन्या नंबराने ही वही वाचत होत्या. चष्मा मंगळवारी मिळेल.

दूध पुन्हा दीड लिटर केले. त्यासाठी महिन्याला ८७० रुपये लागतात, आणि ते कुठून यायचे याचे उत्तर डिसेंबरपुरते मिळाले आहे. घरमालकांचा परवा फोन आला. १ फेब्रुवारीपासूनच्या करारात ते २२,५०० म्हणत आहेत. रविवारी संध्याकाळी ते येणार आहेत. या वेळी त्यांच्याशी बोलताना ही दोन्ही पाने समोर ठेवायची, आणि रेपो दराचा विषय मी काढायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्यांना जेवायलाच या म्हटले आहे.